हातचे शंभर टन

विमानप्रवासाला निघालेला मनुष्य आपल्या सामानाच्या वजनाविषयी जितका दक्ष असतो, तितकाच तो ज्या यंत्रात बसणार आहे त्याच्या वजनाविषयी उदासीन असतो. बॅग काट्यावर ठेवल्यावर आकडा पंधरा किलोंच्या पुढे सरकला की त्याच्या कपाळाला आठ्या पडतात. परंतु ती बॅग, तो स्वतः, त्याच्यासारखे आणखी पावणेदोनशे सहप्रवासी, विमानाच्या पोटातील माल आणि पंखांतील इंधन या सर्वांची बेरीज किती झाली, ती कोणी केली आणि त्या बेरजेवरून धावपट्टीवर कोणत्या वेगाला नाक उचलावयाचे हे कोणी ठरविले, हा प्रश्न त्याच्या मनाला शिवतही नाही. उड्डाणापूर्वीच्या तास-दीड तासात होणारी ही आकडेमोड गेल्या चार-पाच दशकांत कागद-पेन्सिलीच्या अखत्यारीतून निघून संगणकाच्या स्वाधीन झाली आहे. या स्थित्यंतराचा जमाखर्च मांडताना संगणकाच्या खात्यावर पुष्कळ जमा पडते, हे आरंभीच कबूल केले पाहिजे. मात्र खर्चाच्या बाजूला काही रकमा अशा आहेत की त्यांच्याकडे काणाडोळा केला तर ताळेबंद खोटा ठरेल.

विमानाच्या बाबतीत भार किती, याइतकेच तो कोठे ठेवला आहे यालाही महत्त्व असते. आपल्याकडचा गाडीवान हे पिढ्यानपिढ्या जाणत आला आहे: पोती पुढे रचली तर जू बैलांच्या मानेवर बसते आणि मागे रचली तर गाडी उलाळते. विमानाचे शासन याहून कठोर असते. नाक जड झाले तर ते उचलण्यास शेपटीकडील पृष्ठांचा जोर पुरत नाही. शेपूट जड झाली तर एकदा वर गेलेले नाक खाली आणणे वैमानिकाच्या हाती राहात नाही.

धुळ्याला किंवा बारामतीला उड्डाण शिकावयास आलेल्या मुलाला हे शास्त्र सेसना १७२ या चार आसनी विमानावर करून दाखविले जाते आणि ते मुळातून पाहण्याजोगे आहे. समजा, २४०० पौंड कमाल वजनाचे असे एक विमान आहे. ते रिकामे असताना १५०० पौंड भरते आणि त्याचा गुरुत्वमध्य इंजिनामागील अग्निरोधक भिंतीपासून ३९ इंचांवर आहे. पुढील दोन आसने त्या भिंतीपासून ३७ इंचांवर, इंधन ४८ इंचांवर, मागील आसने ७३ इंचांवर आणि सामानाची जागा ९५ इंचांवर. पुढे दोघे मिळून ३४० पौंड, मागे दोघे ३००, इंधन ४० गॅलन म्हणजे २४० पौंड आणि सामान २० पौंड. प्रत्येक वजनाला त्याच्या अंतराने गुणावे, गुणाकारांची बेरीज करावी, तिला एकूण वजनाने भागावे. वजन भरते नेमके २४०० पौंड, गुणाकारांची बेरीज १,०६,४००, आणि गुरुत्वमध्य येतो ४४.३ इंचांवर. त्या वजनाला मुभा आहे ३९.५ ते ४७.३ इंचांची, तेव्हा मध्य ठीक, पण वजन काठावर. आता मागच्या मंडळींपैकी कोणी ४० पौंडांची हापूसची एक पेटी सामानात टाकू म्हणेल तर तितकेच इंधन काढावे लागेल, म्हणजे सुमारे पावणेसात गॅलन. आणि तासाला आठ गॅलन पिणाऱ्या त्या इंजिनाच्या हिशेबाने ती पेटी पन्नास मिनिटांच्या उड्डाणाला पडेल. हा सौदा कागदावर स्वहस्ते मांडलेला विद्यार्थी आंब्याच्या पेटीकडे पुन्हा पूर्वीच्या दृष्टीने पाहू शकत नाही. हेच उदाहरण त्याने टॅबलेटवर सोडविले तर पेटीचा आकडा भरताच एक हिरवी रेघ तांबडी होईल आणि इंधनाचा आकडा कमी करताच ती पुन्हा हिरवी होईल. उत्तर तेच, किंबहुना अधिक अचूक. पन्नास मिनिटे मात्र त्यात कोठे दिसत नाहीत.

संगणकापूर्वीच्या काळात वैमानिकाच्या खिशात सरकपट्टी असे. अमेरिकेतील फिलिप डाल्टन या नौदलाशी संबंधित वैमानिकाने सिद्ध केलेली ई-६बी नावाची गोल सरकपट्टी दुसऱ्या महायुद्धात मित्रराष्ट्रांच्या असंख्य वैमानिकांनी वापरली, आणि वैमानिकी शिकणाऱ्यांच्या दप्तरात ती अद्याप आढळते. तिच्या एका बाजूस वेग, काळ, अंतर आणि इंधन यांची त्रैराशिके सुटतात. दुसऱ्या बाजूस वाऱ्याचा त्रिकोण मांडता येतो. परंतु तिचा एक विशेष असा की ती अंक सांगते, अंकाचे स्थान सांगत नाही. २, ६ आणि ३ हे आकडे ती दाखवील. ते सव्वीस पूर्णांक तीन दशांश, दोनशे त्रेसष्ट की दोन हजार सहाशे तीस, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे. म्हणजे उत्तर अदमासे किती यावे हे ज्याला आधी ठाऊक नाही, त्याला त्या साधनाचा काडीचा उपयोग नाही. हा त्या साधनाचा दोष म्हणून पुस्तकांत नोंदविलेला असे. माझ्या मते तो तिचा सर्वांत मोठा गुण होता.

मोठ्या विमानांच्या भारवाटणीचे काम ट्रिमशीट नावाच्या छापील कागदावर चाले. पार्ल्याला राहणारे एक वयोवृद्ध गृहस्थ, ज्यांची उमेद सांताक्रूझच्या विमानतळावर या ट्रिमशीटा भरण्यात गेली, त्यांनी त्यांतील जपून ठेवलेली एक कोरी शीट माझ्यापुढे उलगडली आणि ती कशी भरत हे पेन्सिलीने दाखविले. कागदाच्या माथ्यावर एक मोजपट्टी असते. तिच्यावर रिकाम्या विमानाचा आरंभबिंदू धरावयाचा. तेथून सरळ खाली उतरून पहिल्या ओळीवर यावयाचे. ती ओळ पुढच्या मालकोठीची. त्या कोठीत जितका माल, तितकी घरे डावीकडे सरकावयाचे. पुन्हा खाली, ही मागची कोठी, आता उजवीकडे. मग प्रवाशांचा पुढचा विभाग, मधला, मागचा, मग इंधन. अशी पायऱ्यापायऱ्यांची रेघ उतरत उतरत तळाच्या आलेखात जाते आणि तेथे वजनाच्या आडव्या रेषेला छेदते. तो छेदबिंदू आखून दिलेल्या चौकटीत पडला की शीटवर सही होई. गृहस्थांचा हात या वयातही कापत नव्हता. त्यांनी सांगितले की रोजचे विमान आणि रोजचा मार्ग असल्यावर ती रेघ कोणत्या अंगाने उतरणार हे नजरेला पाठ झालेले असे, आणि ती भलतीकडे वळली तर कारण कळण्याआधीच पेन्सिल थांबे.

याचा अर्थ जुने ते सोने असा कोणी करील तर मी त्यास सहमत नाही. संगणकाने जे साधले ते शंभर कारकुनांनाही साधले नसते. लंडन आणि वॉशिंग्टन येथील दोन जागतिक केंद्रांतून साऱ्या पृथ्वीच्या वरच्या थरांतील वाऱ्यांचे आणि तापमानाचे अंदाज निघतात. मुंबईहून लंडनला जाणाऱ्या विमानासाठी त्या अंदाजांवरून अनेक मार्ग आणि अनेक उंचींचा धांडोळा घेऊन सर्वांत कमी खर्चाचा मार्ग काढणे, त्याला लागणारे इंधन, त्यावर सामान्यतः पाच टक्के आकस्मिक शिल्लक, उतरू न शकल्यास पर्यायी विमानतळ गाठण्यापुरते इंधन आणि त्यानंतरही अर्धा तास घिरट्या घालता येतील इतकी अखेरची गंगाजळी, हे सर्व काही क्षणांत मांडून होते. अधिक इंधन घेतले म्हणजे अधिक सुरक्षित, हा भाबडा समजही याच हिशेबाने मोडला. कारण जादा घेतलेल्या इंधनापैकी तासाला सुमारे तीन टक्के केवळ ते वाहून नेण्यातच जळते, आणि नऊ तासांच्या प्रवासात त्याचा पाव हिस्सा असाच उडून जातो. आपल्या देशात या गणिताला आणखी एक पदर आहे. विमान-इंधनावरील मूल्यवर्धित कराचा दर राज्याराज्यांत निराळा असल्यामुळे स्वस्त ठिकाणी टाकी भरून महाग ठिकाणी न भरणे परवडते का, हेही हाच संगणक ठरवितो. जकात चुकविण्यासाठी आडवाटेने जाणाऱ्या तांड्यांची परंपरा अशी अगदी वैध स्वरूपात आकाशातही चालू आहे.

धावपट्टीचे गणितही असेच किचकट. पुण्याचे लोहगाव समुद्रसपाटीपासून सुमारे १९४० फूट उंच. वैशाखातल्या दुपारी तेथे पारा ४० अंशांवर गेला म्हणजे हवा इतकी विरळ होते की विमानाला ती सुमारे ५४०० फूट उंचीवरच्या हवेसारखी भासते. इंजिन कमी श्वास घेते, पंख कमी उचलतात, धाव लांबते. पूर्वी यासाठी तक्त्यांचे जाडजूड ग्रंथ असत आणि अचूकपणापायी वेळ जाऊ नये म्हणून प्रत्येक पायरीवर सावधपणे वरचा आकडा धरला जाई. संगणक प्रत्येक उड्डाणासाठी नेमके उत्तर देतो. इंजिनाला पूर्ण जोर न लावता किती कमी जोरावर भागेल हेही सांगतो, आणि त्यामुळे इंजिनाचे आयुष्य वाढते. मात्र पूर्वीच्या त्या ढोबळ सावधगिरीत जी मोकळी जागा असे, ती या नेमकेपणाने काढून घेतली, हेही खरे.

आता खर्चाच्या बाजूकडे वळू. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचे एक बोइंग ७६७ माँट्रियलहून ऑटावामार्गे एडमंटनला निघाले. त्या काळातले ते सर्वांत आधुनिक विमान; त्याच्या इंधनमापकाचे यंत्र मात्र बिघडले होते, म्हणून टाक्यांतील इंधन पट्टीने मोजून हिशेब हाताने करणे भाग पडले. टाक्यांत ७६८२ लिटर शिल्लक निघाले. कॅनडा त्या सुमारास पौंडांकडून किलोग्रॅमकडे जात होता, आणि हे नवे विमान किलोग्रॅममध्ये बोलणारे होते. एका लिटरचे वजन ०.८ किलोग्रॅम धरावयाचे तेथे १.७७ हा पौंडांचा गुणक धरला गेला. आवश्यक २२,३०० किलोग्रॅम भरण्यासाठी वीस हजारांवर लिटर घालावयास हवे होते. घातले गेले ४९१६. पुढे जे घडले ते प्रसिद्ध आहे: वाटेतच एकामागून एक दोन्ही इंजिने बंद पडली, आणि कॅप्टन रॉबर्ट पिअर्सन यांना ग्लायडर उडविण्याचा अनुभव होता म्हणून ते विमान मॅनिटोबातील गिमली या हवाई दलाच्या जुन्या तळावर तरंगत उतरले. विमानात ६९ माणसे होती; सर्व वाचली. ही चूक संगणकाची नव्हे, माणसाची. पण या कथेतला मला जाणवणारा भाग वेगळा आहे. वैमानिकांनी उड्डाण-संगणकात २२,३०० हा आकडा स्वतः भरला होता, आणि तो संगणक त्या आकड्यातून जळालेले इंधन इमानेइतबारे वजा करीत, शिल्लक भरपूर असल्याचे अखेरपर्यंत सांगत राहिला. त्याची वजाबाकी निर्दोष होती.

पुढील वीस वर्षांत ही आकडेमोड वैमानिकांच्या हातातील लॅपटॉपवर आली, आणि चुकांनी आपली जागा बदलली. १४ ऑक्टोबर २००४ रोजी एमके एअरलाइन्सचे एक मालवाहू बोइंग ७४७ अमेरिकेतील ब्रॅडली येथून गवत कापण्याचे ट्रॅक्टर घेऊन कॅनडातील हॅलिफॅक्सला आले. तेथे मासळीचा माल भरून त्याला स्पेनला जावयाचे होते. ब्रॅडलीहून निघताना त्याचे वजन होते २,४०,००० किलोग्रॅम. हॅलिफॅक्सहून निघताना ते झाले होते ३,५३,०००. चौकशी मंडळाच्या निष्कर्षानुसार लॅपटॉपमध्ये ब्रॅडलीचे वजन तसेच राहिले असावे, आणि उड्डाणाचे वेग व इंजिनांचा जोर त्यावरून काढले गेले असावेत. वैमानिकांच्या कामाचा दिवस कमालीचा लांबला होता, आणि दमलेल्या डोळ्यांना पडद्यावरचे जुने आकडे नव्यासारखेच दिसतात. विमान धावपट्टी संपली तरी उचलले नाही; पलीकडच्या मातीच्या बांधावर शेपूट आदळून ते फुटले. विमानातील सातही जण दगावले.

मेलबर्नला २० मार्च २००९ च्या रात्री माणसे वाचली, म्हणून ती घटना अधिक शांतपणे तपासता येते. दुबईला निघालेल्या एमिरेट्सच्या एअरबस ए ३४०-५०० मध्ये प्रवासी आणि कर्मचारी मिळून २७५ जण होते. विमानाचे वजन होते ३६१.९ टन; ऐनवेळच्या फरकासाठी एक टन वाढवून ३६२.९ हा आकडा लॅपटॉपमध्ये भरावयाचा होता. भरला गेला २६२.९. तीनच्या जागी दोन. एका बोटाची, एका कळीची चूक आणि शंभर टनांचा फरक. लॅपटॉपने २६२.९ टनांना साजेसे वेग आणि साजेसा माफक जोर काढून दिला. ३६५७ मीटर लांबीच्या धावपट्टीवर नाक उचलावयाची हाक झाली तेव्हा विमान उठेना. शेपूट धावपट्टीवर घासली. कॅप्टनने इंजिनांना पूर्ण जोर दिला तेव्हा ते कसेबसे उचलले, ते पट्टीपलीकडच्या दिशादर्शक अँटेनाला धडक देऊन. समुद्रावर इंधन सोडून ते परत उतरले. कोणास इजा झाली नाही.

कक्षात चार वैमानिक होते, आणि आकड्यांची रुजवात करण्याचे टप्पे नियमात ठरवून दिलेले होते. तरी दोनशे बासष्ट हा आकडा कोणालाही खटकला नाही. चौकशी अहवालात याचे एक कारण दिले आहे, ते मला साऱ्या प्रकरणाची किल्ली वाटते: या वैमानिकांनी मागील काही आठवड्यांत निरनिराळ्या जातींची विमाने निरनिराळ्या अंतरांवर चालविली होती, आणि त्यांच्या नजरेखालून गेलेली उड्डाणाची वजने सुमारे १५० टनांपासून ३७० टनांपर्यंत पसरलेली होती. इतक्या पसाऱ्यात कोणताच आकडा परका वाटेनासा होतो. पार्ल्याच्या गृहस्थांची पेन्सिल जेथे थांबली असती तेथे थांबण्यासारखे या वैमानिकांच्या मनात काही उरलेले नव्हते. त्यांचा आळस किंवा अज्ञान येथे कारण नव्हते, तर आकड्याशी त्यांचा सहवासच नव्हता. तो लॅपटॉपमधून आला, दुसऱ्या यंत्रात भरला गेला आणि विसरला गेला. ही चौकशी करणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या तपास संस्थेनेच पुढे १९८९ ते २००९ या काळातील अशा प्रकारच्या ३१ घटनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत सिंगापूर एअरलाइन्सच्या एका बोइंग ७४७ ची ऑकलंड येथील २००३ ची घटनाही आहे, आणि तेथेही गफलत झाली ती शंभरच टनांची.

उपाय झाले. दोन वैमानिकांनी एकमेकांचे न पाहता स्वतंत्रपणे गणित करावे आणि मग उत्तरे ताडून पाहावी, हा त्यांतला सर्वांत स्वस्त आणि माझ्या मते सर्वांत चांगला. अट इतकीच की दोघांनी वजनाचा आकडा एकाच चुकीच्या कागदावरून उचलू नये. अशक्य वजन नाकारणाऱ्या चाळण्या यंत्रांत बसविल्या गेल्या, पण २६२.९ टन हे त्या जातीच्या विमानाला जवळच्या पल्ल्यासाठी अगदी शक्य असलेले वजन आहे, म्हणून निव्वळ तसल्या चाळणीचा येथे उपयोग झाला नसता. लॅपटॉपच्या जागी टॅबलेट आले; त्यांच्याही तऱ्हा निघाल्या, आणि २०१५ च्या एप्रिलमध्ये एका नकाशाची दुहेरी नोंद झाल्यामुळे अमेरिकन एअरलाइन्सच्या वैमानिकांचे आयपॅड बंद पडून कित्येक विमाने खोळंबली. त्यात कोणी मेले नाही. बंद पडलेला संगणक निरुपद्रवी असतो. आपण बंद पडलो आहोत हे तो लपवीत नाही. ठोकताळ्यांचे महत्त्व मात्र आता पाठ्यपुस्तकांतही पुन्हा शिरले आहे: या विमानाला या वजनाला एवढा वेग, असा एक ढोबळ आकडा मनात धरून मगच पडद्याकडे पाहावे.

येथवर आपण असे गृहीत धरले की खरे वजन कोणाला तरी ठाऊक असते. तसे ते नसते. सामान काट्यावर चढते, माल चढतो. प्रवासी चढत नाही. त्याच्यासाठी सरासरी धरली जाते. आपल्याकडे प्रौढ प्रवासी हातातल्या सामानासह ७५ किलो, दोन ते बारा वर्षांचे मूल ३५ किलो, अशी ही फर्द दीर्घकाळ चालत आली. मोठ्या विमानात या सरासरीने काही बिघडत नाही, कारण जाडे आणि बारीक एकमेकांना सावरून घेतात. लहान विमानात मात्र ते सावरणे भरवशाचे राहात नाही. ८ जानेवारी २००३ रोजी अमेरिकेत शार्लट येथे एकोणीस आसनांचे एक बीच १९०० विमान उड्डाणानंतर लगेच नाक आकाशाकडे करून कोसळले आणि त्यातील २१ जण मृत्यू पावले. शेपटीकडील नियंत्रणाची दोरी दुरुस्तीत चुकीची जुळविली गेली होती हे एक कारण. कागदावर नियमात बसलेले विमान प्रत्यक्षात अधिक जड आणि शेपटीकडे झुकलेले होते, हे दुसरे. त्यानंतर प्रत्यक्ष वजने घेऊन पाहिली तेव्हा अमेरिकन प्रवासी गृहीत सरासरीपेक्षा सुमारे २० पौंडांनी भारी निघाला.

सरासरी योग्य असली तरी ती कोणाला लावावयाची हा प्रश्न उरतोच. २१ जुलै २०२० रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅमहून पाल्माला गेलेल्या टुई कंपनीच्या बोइंग ७३७ मध्ये ज्या प्रौढ स्त्रियांनी आपल्या नावामागे ‘मिस’ लावले होते त्या अडतीस जणींना नव्या प्रणालीने बालके ठरविले. ही प्रणाली ज्या देशात रचली गेली तेथे ‘मिस’ म्हणजे लहान मुलगी असा संकेत होता. प्रत्येकीसाठी ६९ ऐवजी ३५ किलो धरले गेले, आणि विमान कागदावरच्यापेक्षा १२४४ किलोंनी जड होऊन उडाले. धोका झाला नाही, कारण मोठ्या विमानाला सव्वा टन पचतो. तथापि विमानाच्या दारात उभ्या असलेल्या कोणाही कर्मचाऱ्याने त्या अडतीस मुलींकडे एक दृष्टिक्षेप टाकला असता तर त्याला हसू आले असते.

यावर सरळ मार्ग म्हणजे प्रवाशांनाच काट्यावर उभे करणे. सामोआतील एका लहान कंपनीने २०१३ मध्ये तिकिटाचे भाडेच वजनावर आकारून सारे जग चकित केले होते. मोठ्या कंपन्या इतक्या थराला जात नाहीत. त्या ठरावीक वर्षांनी नमुन्यादाखल वजने घेऊन सरासरी नवी करतात. एअर न्यूझीलंडने २०२३ च्या मे ते जुलैमध्ये ऑकलंडच्या विमानतळावर दहा हजारांवर प्रवाशांची अशी मोजणी मांडली, तेव्हा काट्यावर उभ्या राहिलेल्या प्रवाशाला आपला आकडा दिसू नये आणि शेजारच्या कर्मचाऱ्यालाही दिसू नये, अशी तजवीज केली होती. तो आकडा निनावी होऊन परस्पर संगणकात जमा होत असे. आकडा माणसाच्या नजरेआड जाण्याबद्दल मी इतका वेळ कुरकुर केली असली तरी येथे माझी हरकत नाही. तो काट्यावर झळकला असता तर दहा हजारांची ती रांग पहिल्या दहा माणसांतच ओसरली असती.